मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांना शाळेत शिकवताना कुणी पाहिलेलं नाही. ते मास्तर झाले ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. रस्त्याच्या तोंडाशी एक गाळा, आत एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर टपावर पाटी लावलेली एक छोटी गाडी, एवढाच त्या स्कूलचा पसारा. गाडीला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. शिकणारा उजवीकडे बसायचा, मास्तर डावीकडे. सगळी हयात त्यांनी त्या डावीकडच्या सीटवर काढली. स्वतःची गाडी मात्र कधी घेतली नाही. कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "आचाऱ्याला सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक करायला सांगता का हो तुम्ही?"

मास्तरांचं सगळं कसब त्यांच्या उजव्या पायात होतं. बाकीचे शिकवणारे कसे, शिकणारा चुकला की खाडकन ब्रेक दाबायचे आणि वर चार शब्द सुनावायचे. मास्तरांची तऱ्हाच निराळी. समोरून कुणी सायकलवाला आडवा आला आणि शिकणाऱ्याचा पाय ब्रेकवर जायला जरासा उशीर झाला, की मास्तरांचा पाय तिथे आधीच पोचलेला असायचा. तोही इतक्या हलक्याने, की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटावं. "शाब्बास! बघा, जमलं की नाही?" असं मास्तर म्हणायचे आणि माणूस खूश होऊन घरी जायचा. घरी बायकोला सांगायचा, हात बसला आता, काही राहिलं नाही.

मग परीक्षेचा दिवस यायचा. शेजारच्या सीटवर इन्स्पेक्टर बसायचा, पाय आखडून घेऊन. आणि मास्तरांचा पठ्ठ्या पहिल्याच चढावर गाडी बंद पाडून मागच्या टेम्पोच्या अंगावर घसरत जायचा. सगळ्यात जास्त आत्मविश्वासाने नापास होणारी माणसं ही मास्तरांच्या हाताखालची, असं लोक उघड म्हणायचे. स्कूलचा मालक हूं की चूं करत नसे, कारण नापास झालेला माणूस पुन्हा मास्तरांकडेच यायचा. मास्तर तर इतके चांगले! मास्तरांना स्वतःला यातलं काही कळलं नाही. त्यांचं ठाम मत, हे इन्स्पेक्टर लोकच माणसाला घाबरवतात.

त्यांना पकडलं ते एकाच माणसाने, तेही लग्नानंतर थोड्याच दिवसांत. मास्तरीणबाई कपड्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. शिवून आलेल्या शर्टांची बटणं तपासायची, दोरे कापायचे आणि घडी घालून पुढे सरकवायचं, हे त्यांचं काम. एक टाका सुटलेला असला तरी त्यांच्या बोटांना कळायचं. एका सुट्टीच्या दिवशी मास्तर त्यांना कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत गाडी शिकवायला घेऊन गेले. पहिल्या वळणावर गाडी छान थांबली.

"शाब्बास!" मास्तर म्हणाले.

"अहो, पाय काढा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कुठला पाय?"

"तुमचा. गाडी मी थांबवलेली नाही."

"अगं, तूच थांबवलीस. काय बोलतेस?"

"मग हा माझा पाय बघा. चपलेसकट वर आहे."

मास्तरांनी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला, पण बाई दार उघडून खाली उतरल्या. "गाडी तुम्ही चालवणार आणि कौतुक माझं होणार. असलं काही मला जमायचं नाही," असं म्हणून त्या चालतच घरी निघाल्या. मागून मास्तर पहिल्या गिअरमध्ये गाडी हाकत, खिडकीतून विनवण्या करत येत होते. तो देखावा तिथल्या पहारेकऱ्याने पुढे अनेकांना रंगवून सांगितला. बाई पुन्हा कधी स्टिअरिंगला शिवल्या नाहीत.

दोघंही निवृत्त झाली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. तिकडे ती औषधांच्या दुकानात काम करायची. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. समोरच्या दारात एक वहिनी राहायच्या. त्या कपडे अल्टर करून द्यायच्या आणि जिन्यात कोण आलं-गेलं यावर लक्ष ठेवायच्या. दिवस बरे चालले होते.

मास्तरीणबाईंचं विसरणं कुठून सुरू झालं, हे मास्तरांना नेमकं सांगता आलं नसतं. एक दुपार तेवढी त्यांना आठवत होती. बाईंनी दोरीवरचे कपडे काढले आणि पलंगावर बसून घड्या घातल्या. कारखान्यात घालायच्या तशाच, बाह्या मागे, कॉलर वर, सगळ्या कडा एका रेषेत. दुकानात ठेवाव्यात अशा घड्या. फक्त कपडे ओले होते. पलंगावरची चादर भिजून पाणी खाली टिपकत होतं आणि बाई पुढचा शर्ट उचलत होत्या.

 बाई तोंड धुवायला गेल्यावर मास्तरांनी कपडे पुन्हा दोरीवर टाकले, चादर बदलली आणि फरशी पुसली. बाई परत आल्या तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं.

तिथून मास्तरांचं जुनं काम पुन्हा सुरू झालं. या वेळी पगार नव्हता, एवढंच. बाई गॅससमोर थबकल्या की मास्तर सहज शेजारी येऊन उभे राहायचे, डाव्या बाजूला, आणि बोलता बोलता बटण फिरवायचे. दात घासायच्या ब्रशवर पेस्ट आधीच लावून ठेवायचे. अंगात घालायचे कपडे पलंगावर ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने मांडायचे, सगळ्यात आतला सगळ्यात वर. बाईंनी चहात दुसऱ्यांदा साखर घालायला चमचा उचलला, की साखरेचा डबा कुठेतरी गेलेला असायचा. कुणी भेटायला आलं आणि काही विचारलं, तर मास्तर वाक्याचा पहिला अर्धा भाग स्वतः घ्यायचे. "आपण लेकीकडे गेलो होतो ना, तिच्या नव्या घरी..." आणि बाई पुढचं बोलायच्या. "हो, मोठं आहे हो घर. उजेड छान येतो." येणारा म्हणायचा, बाई अगदी ठणठणीत आहेत.

ही बनवाबनवी आहे, असं मास्तरांच्या मनात कधी आलं नाही. हिला जमतंय, असंच त्यांना वाटायचं. थोडी धांदरट झाली आहे, वय झालं, पण जमतंय. ज्या बाईने एका वळणात त्यांचा पाय ओळखला होता तिला आता तो ओळखू येत नव्हता, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल, पण त्यांनी तिकडे कानाडोळा केला.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मास्तरांच्या जांघेत हर्नियाची गाठ आली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, गाठ अडकली तर यमाशी गाठ पडेल. मास्तर म्हणाले, बघतो. पुढच्या वेळी म्हणाले, जरा सवड होऊ दे. गाठ वर आली की हाताने दाबून आत ढकलायची आणि कमरेला पट्टा आवळायचा, हा त्यांचा उपाय. एक दिवस बटाट्यांची पिशवी घेऊन जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसले ते उठेनात. चेहरा पांढराफटक. वहिनींनी त्यांना वर आणलं आणि मास्तर नको नको म्हणत असताना लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या दिवशी हजर झाली. ती बापासारखी नव्हती, आईवर गेली होती. आल्या दिवशी तिने आईच्या मागे उभं राहून नुसतं बघितलं, आणि जेवणं झाल्यावर बापाला बाहेरच्या खोलीत बसवलं.

"बाबा, हे किती दिवस चाललंय?"

"काय चाललंय? सगळं ठीक आहे."

"तुम्ही तिला भांडं हातात देता, मग ती भांडं ठेवते. याला ठीक म्हणायचं?"

मास्तर चटईची कड बोटाने सरळ करू लागले.

"ऑपरेशन टाळायचं नाही. तेवढे दिवस आईला म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ठेवू. तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत, चांगलं बघतात. पुढचं मग बघू."

"मग बघू म्हणजे?"

"मग बघू म्हणजे मग बघू, बाबा."

 मग बघू हे शब्द मास्तरांनी आयुष्यभर नापास होणाऱ्यांना ऐकवले होते, त्यांचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला असंच थोड्या दिवसांसाठी नेलं होतं. आता त्याच्या घरात नवीन बिऱ्हाड होतं. "तिला सगळं जमतं," ते म्हणाले. आवाज चढला होता.

"जमतं ना? मग दाखवू दे. हॉस्पिटलमधून एक बाई घरी येऊन तपासतात. रोजची कामं माणसाला एकट्याला करता येतात का, ते बघतात. त्या हो म्हणाल्या तर आई घरातच राहील, वहिनी दोन वेळा डोकावतील. त्या नाही म्हणाल्या तर मी सांगते तसं करायचं. कबूल?"

मास्तरांना कबूल म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या न पाहिलेल्या बाईंना त्यांनी त्याच क्षणी नाव ठेवलं, इन्स्पेक्टर बाई.

इन्स्पेक्टर बाई यायच्या दिवशी मास्तर लवकर उठून तयारीला लागले. ओट्यावर पातेलं, त्यात मोजून पाणी, मग चहाचा डबा, साखर, दूध, गाळणं, कप, असं सगळं डावीकडून उजवीकडे मांडून ठेवलं. आंधळ्यानेही चहा केला असता. बाईंना धुतलेले कपडे घालून, केस विंचरून खुर्चीवर बसवलं.

इन्स्पेक्टर बाई वयाने लहानच निघाल्या. सपाट चपला, खांद्यावर कापडी पिशवी, बोलणं सावकाश. त्यांनी ओट्याकडे पाहिलं.

"काका, हे रोज असंच मांडलेलं असतं?"

"हो. म्हणजे साधारण."

"कोण मांडतं?"

मास्तरांनी पट्टा सारखा केला. इन्स्पेक्टर बाईंनी एकेक वस्तूची जागा विचारून घेतली, सगळं कपाटात परत ठेवलं, पातेल्यातलं पाणी ओतून दिलं आणि वळून म्हणाल्या, "काकू, मला चहा हवाय. कराल का?"

"करते की. त्यात काय एवढं?" मास्तरीणबाई तडक उठल्या. पाहुणीला चहा पाजायला निघालेल्या यजमानीणबाईच्या थाटात त्या ओट्यापाशी गेल्या. आणि तिथे उभ्या राहिल्या.

मास्तर एक पाऊल पुढे झाले. इन्स्पेक्टर बाईंनी हात आडवा केला. "काका, तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. दार उघडं राहू दे. हात मात्र गुडघ्यांवर."

मास्तर बसले. तिथून त्यांना बायकोची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती. मास्तरांची उजवी टाच चटईत रुतली, इतकी की चटई पुढे सरकली. थोड्या वेळाने बाईंनी डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, जिथे मास्तर रोज उभे असायचे तिथे. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं. मग पुन्हा मागे.

"अहो?" त्या म्हणाल्या.

मास्तर अर्धे उठले, आणि इन्स्पेक्टर बाईंचा हात बघून खाली बसले. बाईंनी आणखी एकदा हाक मारली. मग त्या तशाच उभ्या राहिल्या, एक हात ओट्यावर ठेवून, चेहऱ्यावर काहीही नसताना. मास्तरांना वाटलं आपण ओरडू. पण ओरडायला आत काही सापडेना. सुन्न होऊन ते बघत राहिले.

शेवटी इन्स्पेक्टर बाईंनी कपाटाचं दार नुसतं उघडलं. मास्तरीणबाईंनी डबा काढला. पुढचं थोडंफार झालं, अडखळत, उलटसुलट, पण झालं. चहा पांचट होता. इन्स्पेक्टर बाईंनी तो सगळा प्यायला आणि मग येऊन मास्तरांसमोर बसल्या.

"आज मी हो म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण नाहीही म्हणत नाही. काकूंना डबा उघडता येतो, ओतता येतं, ढवळता येतं. त्या अडतात सुरुवातीला. आणि सुरुवात रोज तुम्ही करता."

"मी नाही केली तर ती तशीच उभी राहते. बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं. तुम्ही कधी बघितलंत? त्या किती वेळ उभ्या राहतात आणि मग काय करतात, ते?"

मास्तरांनी ते कधीच बघितलं नव्हतं. त्यांचा हात त्याआधीच पोचलेला असायचा.

"काका, गेलेलं सगळं परत येणार नाही. ते मी खोटं सांगणार नाही. पण जे आहे ते तुम्ही वापरू देत नाही आहात. काही आठवडे द्या. मी पुन्हा येते."

लेकीने तोंड वेडंवाकडं केलं, पण मुदत दिली आणि ती आपल्या गावी परतली.

मग घराची उलथापालथ झाली. कपाटांची दारं काढली, म्हणजे आतलं दिसावं. डबे काचेचे आले. गोळ्यांसाठी कप्प्यांची डबी आली. गॅसची नळी एरवी बंद ठेवायची, हे वहिनींच्या देखत ठरलं आणि आपोआप बंद होणारी विजेची किटली आली. मास्तरीणबाईंनी ती दोन दिवस नाक मुरडून लांब ठेवली आणि तिसऱ्या दिवशी तिला हात लावला. चहा आता पिशवीचा, कपातच करायचा. "एका वेळी एकच कप," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "दोन कप म्हणजे अडायच्या जागा दुप्पट. आणि काका, तुम्ही तिथे थांबायचं नाही. तुम्ही दिसलात की त्या तुमच्याकडे बघतात. सकाळी सरळ बाहेर पडत जा."

मास्तर सकाळी बाहेर पडू लागले. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचे आणि परत येऊन जिन्यात, आपल्याच दाराबाहेर, पायरीवर बसायचे. बराच वेळ आतून आवाज येत नसे. मास्तर कान देऊन असायचे. आतून "अहो" अशी हाक यायची, एकदा, दोनदा. मास्तर कठडा धरून बसून राहायचे. हे सगळ्यात वाईट होतं. वहिनी दार उघडून बघायच्या आणि पुन्हा लोटून घ्यायच्या. मग बऱ्याच वेळाने कधीतरी किटली टक्‌ करून बंद पडायची आणि चमच्याचा आवाज यायचा.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा आपल्याला आनंद होईल असं मास्तरांना वाटलं होतं. झाला नाही. रडूही आलं नाही. पाय बराच वेळ दुमडून बसल्यावर तो आपला वाटेनासा होतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. ते उठले, आत गेले, आणि बायको खिडकीशी बसून चहा पिताना दिसली. "आलात?" ती म्हणाली. ते आलो म्हणाले.

स्वेटर उलटा घातला तरी बोलायचं नाही, हाही नियम होता. कुणाचं काय बिघडतं, असं इन्स्पेक्टर बाईंचं म्हणणं. मास्तरांचं बिघडत होतं. एका टाक्यासाठी शर्ट परत पाठवणारी बाई शिवण बाहेर दाखवत गॅलरीत उभी राहायची, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं वर बघायची.  चार-पाच दिवसांनी स्वेटर कधी सुलट यायचा, कधी उलट. हळूहळू सुलटच जास्त वेळा येऊ लागला.

आणि हाका कमी होत गेल्या. आधी दोनच्या जागी एक झाली. मग एखादा दिवस रिकामा जाऊ लागला. मास्तर जिन्यात बसून वाट बघायचे ती चमच्याच्या आवाजाची, असं त्यांना स्वतःला वाटत होतं. एका सकाळी किटली बंद झाली, चमचा वाजला, आणि मास्तर तरीही उठले नाहीत. आपण अजून कशाची तरी वाट बघतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. हाक आलीच नव्हती. त्या आठवड्यात ती पुन्हा आली नाही.

इन्स्पेक्टर बाई परत आल्या. मास्तरीणबाईंनी त्यांच्यासमोर कपडे घातले, गोळी घेतली, चहा केला, टेबल पुसलं. दाराची घंटा वाजली तेव्हा साखळी लावून कोण म्हणून विचारलं. एकदाच अडल्या, चमचा शोधताना, आणि मग काचेच्या बरणीत तो त्यांना दिसला. इन्स्पेक्टर बाईंचा चेहरा फुलला.

"काका, तुम्ही पाहिलंत? मागच्या वेळी त्या सारख्या मागे बघत होत्या. आज एकदाही पाहिलं नाही. एकदाही तुम्हाला हाक मारली नाही! याला म्हणतात प्रगती. कमाल केलीत तुम्ही दोघांनी."

"हो," मास्तर म्हणाले.

लेक फोनवर रडली. मी उगाच घाई केली, म्हणाली. संस्थेतली जागा तिने सोडून दिली. आई घरातच राहणार हे पक्कं झालं, आणि मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला परीक्षेत खरोखर पास केलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मास्तर हॉस्पिटलात काही दिवस होते. लेक त्यांच्याजवळ होती. घरच्या बातम्या वहिनींकडून यायच्या.

"अहो, मला काही करावंच लागत नाही," वहिनी फोनवर म्हणायच्या. "उठतात, आवरतात, चहा करतात, गोळ्या घेतात. मी आपली जाऊन बसते आणि येते. संस्थेत कसलं घालायला निघाली होती लेक त्यांना!"

"माझं काही विचारते का?"

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. "शांत आहेत हो अगदी. तुम्ही नका काळजी करू."

मास्तरांनी फोन ठेवला. समोर ट्रेमध्ये पाव आणि उकडलेलं अंडं होतं. त्यांनी ते सगळं संपवलं. चव काय होती, हे त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळच्या सुमाराला लेक त्यांना घरी घेऊन आली. टाके दुखत होते, जिना चढायला फार वेळ लागला. मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. स्वेटर सुलट होता, बटणं सगळी लावलेली. "सावकाश," त्या म्हणाल्या. मास्तर सावकाश आत आले. रात्री लवकर झोपले आणि लेक पहाटेच्या बसने तिच्या गावी गेली.

सकाळी मास्तरांना जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती, पांघरुणाची घडी केलेली. डॉक्टरांनी जिना उतरायला मनाई केली होती. टपरीवर जाता येणार नव्हतं. ते भिंत धरत स्वयंपाकघरात गेले आणि टेबलाशी बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

मास्तरीणबाई किटलीपाशी होत्या. त्यांनी पाणी भरलं, झाकण लावलं, बटण दाबलं. फळीवरून कप घेतला. बरणीतून चहाची पिशवी काढून कपात सोडली. हात कुठे अडला नाही. किटली बंद झाल्यावर त्यांनी पाणी ओतलं, थोडं थांबल्या, पिशवी काढली, दूध घातलं, साखर घातली, एकदाच. ढवळलं. मास्तर सगळं बघत होते आणि त्यांना एकही चूक सापडली नाही. इतकं चांगलं काम त्यांच्या हाताखाली कुणी केलेलं नव्हतं.

बाई कप घेऊन त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही हातांत कप धरून एक घोट घेतला. मग मास्तर बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या जराशा संकोचल्या.

"तुमचा झाला असेल ना?" त्यांनी विचारलं.

सगळे आठवडे मास्तरांचा चहा बाहेरच व्हायचा. तेव्हा ती विचारत होती ते बरोबरच होतं. आपला नवरा बाहेरून चहा घेऊन येतो, हे तिला आठवत असेल. किंवा सकाळी सकाळी घरी आलेल्या कुणालाही माणूस असंच विचारतो, तसं तिने विचारलं असेल. मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथून काही कळेना. मी कोण, असं एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांना भीती वाटली.

"हो, झाला," ते म्हणाले.

"मग बरं," बाई म्हणाल्या आणि निवांतपणे चहा प्यायला लागल्या.

फोन वाजला. लेक बसमधून बोलत होती. "बाबा, आईने चहा केला का?"

"केला."

"एकटीने? तुम्ही मध्ये नाही ना गेलात?"

"नाही गेलो."

"किती छान! तुम्हाला आवडला?"

मास्तरांनी कपाकडे पाहिलं. तळाशी घोटभर उरला होता. "चांगला झालाय," ते म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. बाईंनी उरलेला चहा संपवला, कप विसळला, पालथा घातला आणि फडक्याने टेबल पुसायला घेतलं. मास्तरांनी टेबलावरचा हात उचलून जागा करून दिली. पुसता पुसता बाई थांबल्या आणि आपुलकीने, चौकशी करावी तसं म्हणाल्या, "आहात ना थोडा वेळ?"

"आहे की," मास्तर म्हणाले.